शिरोड्याच्या मास्तरांची पहिली कादंबरी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत तीनशे पानांची हस्तलिखित कादंबरी. सहा वर्षे खपून त्याने ती लिहिली आहे. पुण्या-मुंबईच्या दोन प्रकाशकांनी ती साभार परत केली आणि तिसऱ्याने छपाईचा सगळा खर्च त्याच्याकडेच मागितला. माझ्यापुढे बसून त्याने एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारली. दिवसभर कचेरीत कन्नडमध्ये कारभार करायचा, बाजारात मिळेल त्या भाषेत बोलायचे आणि रात्री मराठीत कादंबरी लिहायची, याला काही अर्थ आहे का? आपल्या या कोपऱ्यातून लिहिलेले कोण छापणार आणि कोण वाचणार?

मी शिक्षक आहे. प्रश्नाला सरळ उत्तर देण्याऐवजी गोष्ट सांगायची सवय जडलेली. मी त्याला एका मास्तरांची गोष्ट सांगितली. भाषा विशेषांकासाठी लेख मागितला गेला तेव्हा तीच गोष्ट वाचकांपुढे ठेवावी असे वाटले, कारण त्याचा प्रश्न केवळ त्याचा एकट्याचा नाही.

हे मास्तर म्हणजे वि. स. खांडेकर. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारे, 'ययाति'चे लेखक म्हणून त्यांचे नाव शाळेतले पोरही सांगते. पण वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या नावावर एकही कादंबरी नव्हती, आणि पहिली कादंबरी निघाली तेव्हा ते गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या एका खेड्यात शाळा चालवीत होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

खांडेकरांचा जन्म जानेवारी १८९८ मधला, सांगलीचा. जन्मनाव गणेश आत्माराम. वडील सांगली संस्थानात नोकरीला होते. पण दीर्घ आजाराने ते लवकर गेले आणि कुटुंबाची घडी विस्कटली. मुलगा हुशार. १९१३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत वरचा क्रमांक मिळवून तो पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाला. त्या काळचे पुणे म्हणजे नाटक, कविता आणि मासिके यांनी भारलेले शहर. राम गणेश गडकऱ्यांचा सहवास या कोवळ्या विद्यार्थ्याला तिथे लाभला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना तर त्यांनी मनोमन गुरूच केले होते. आपणही लिहावे ही ओढ तेव्हाच लागली.

पण नुसत्या ओढीने पोट भरत नाही. १९१६ साली सावंतवाडी संस्थानातल्या चुलत्यांना ते दत्तक गेले आणि गणेश आत्मारामांचे विष्णु सखाराम झाले. दत्तक गेल्याने पुढच्या शिक्षणाची सोय होईल ही आशा होती, ती फोल ठरली. कॉलेज सुटले. मलेरियाने शरीर पोखरले होते. पदवी हातात नाही, पैसा नाही, प्रकृती नाही, अशा अवस्थेत पुण्याचा हा हुशार विद्यार्थी कोकणातल्या एका आडगावात येऊन पडला. ज्या शहरात लेखक घडतात, पुस्तके छापली जातात, ते शहर दूर राहिले. माझ्या विद्यार्थ्याला मी इथे थांबवले आणि म्हटले, तुझ्या तक्रारीतले बहुतेक सारे या माणसाच्या वाट्याला विशीतच आले होते.

१९१९ च्या सुमारास त्यांचे लेखन मासिकांतून येऊ लागले. कवितांसाठी त्यांनी 'कुमार' हे नाव घेतले आणि विनोदी व टीकात्मक लेखांसाठी 'आदर्श'. हे सारे गडकरी-कोल्हटकरांच्या छायेत वाढलेले लेखन होते. कोट्या, उपमा, अलंकार यांची रेलचेल. नव्या लेखकाचे असेच होते. ज्यांच्यावर जीव जडला त्यांच्याच आवाजात तो प्रथम बोलतो, आणि स्वतःचा आवाज सापडायला बरीच वर्षे जावी लागतात.

एप्रिल १९२० मध्ये खांडेकर शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. शिरोडे हे वेंगुर्ले तालुक्यातले गाव. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. एका बाजूला समुद्र, मिठागरे, माडांच्या बागा. दक्षिणेला तेरेखोलची खाडी ओलांडली की पोर्तुगिजांचा अंमल. भोवताली सावंतवाडी संस्थान. म्हणजे तीन राजवटी जवळजवळ हाकेच्या अंतरावर. गावातली मुले घरी मालवणी बोलत. शाळेत यायचे ते पुस्तकी मराठी आणि त्याहून परकी इंग्रजी शिकायला. सीमेवरच्या शाळेत शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे चित्र ओळखीचे वाटावे. घरची भाषा एक, रस्त्यावरची दुसरी, पुस्तकातली तिसरी.

शाळा गरीब होती, पगार तुटपुंजा होता. पुढे मुख्याध्यापकपदही त्यांच्याकडे आले. वर्गात शिकवायचे, शाळेसाठी वर्गणी आणि मदत गोळा करायची, मुलांच्या अडचणी निवारायच्या, आणि उरलेल्या वेळात लिहायचे. आमच्यासारख्या बी. एड. झालेल्या, वेतनश्रेणीचे शिक्षक म्हणून निवृत्तीच्या गोष्टी बोलणाऱ्या मंडळींनी हे जरा लक्षात ठेवावे. ज्या माणसाच्या कादंबऱ्यांवर पुढे विद्यापीठांत प्रबंध लिहिले गेले, तो स्वतः पदवीधर नव्हता. शिरोड्याला ते सहा महिने किंवा वर्षभर नव्हे, चांगली अठरा वर्षे राहिले.

सारी मोठी मासिके शहरातून निघत असताना आणि प्रकाशकही तिकडेच असताना या आडगावी शिक्षकाचे लेखन वाचकांपर्यंत पोहोचले कसे? या प्रश्नाच्या उत्तरासाठीच मी खांडेकरांची निवड केली आहे.

एक वाट टपालाची होती. हाताने लिहिलेले कागद पाकिटात घालून मासिकांकडे पाठवायचे आणि वाट पाहायची. 'घर कोणाचे?' ही त्यांची कथा १९२३ साली 'महाराष्ट्र-साहित्य' या मासिकात आली आणि कथालेखक म्हणून त्यांची वाट मोकळी झाली. या कथेची तारीफ खुद्द कोल्हटकरांनी केली. ज्याला गुरू मानले त्याची शाबासकी दूरवरून यावी, आणि तेवढ्या बळावर पुढची पाच वर्षे लिहीत राहावे, हे आजच्या पिढीला खरे वाटणार नाही.

दुसरी वाट याहून जवळची होती. १९२४ साली सावंतवाडीहून 'वैनतेय' नावाचे साप्ताहिक सुरू झाले. मेघश्याम शिरोडकर हे त्याचे संपादक. छोट्या संस्थानातले छोटे साप्ताहिक, त्याचा खप तो किती असणार! पण खांडेकरांनी त्या पत्राला कमी लेखले नाही. पुस्तकांवर, माणसांवर, रोजच्या अनुभवांवर ते त्यात नियमाने लिहीत राहिले. मराठीत ज्याला आपण लघुनिबंध म्हणतो, त्याच्या आरंभीच्या खुणा शोधणारे अभ्यासक १९२७ सालच्या 'वैनतेय'च्या अंकापर्यंत येऊन पोहोचतात. ना. सी. फडक्यांसारखा लेखक शहरातून नवे गद्य घडवीत होता, त्याच सुमारास एक खेड्यातला शिक्षक जिल्हापातळीवरच्या साप्ताहिकात तेच काम करीत होता.

आठवड्याच्या आठवड्याला मजकूर द्यायचा म्हणजे हाताला वळण लागते. वाचक समोरच असतो. बाजारात भेटतो, मुलाला शाळेत पोहोचवायला येतो, चुकले तर तोंडावर सांगतो. गडकऱ्यांच्या शैलीचा भरजरी शेला अशा वाचकापुढे सतत पांघरून चालत नाही. खांडेकरांच्या गद्याला पुढे जो जिव्हाळा आला, त्याची शाळा माझ्या मते शिरोडे आणि 'वैनतेय' हीच होती.

मग एकेक पायरी चढत ग्रंथ आले. १९२८ साली 'रंकाचे राज्य' हे नाटक. १९२९ साली 'नवचंद्रिका' हा कथासंग्रह. त्याच साली विवाह. आणि १९३० साली पहिली कादंबरी, 'हृदयाची हाक'. म्हणजे पहिले लेख छापून आल्यापासून अकरा वर्षांनी. या अकरा वर्षांत त्यांनी कविता, विनोद, टीका, नाटक, कथा, निबंध असे सारे हाताळून पाहिले होते. कादंबरी शेवटी आली.

१९३० हे साल शिरोड्याच्या इतिहासात दुसऱ्या कारणानेही गाजले. त्या वर्षीच्या मे महिन्यात तिथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. गावोगावचे सत्याग्रही त्या किनाऱ्यावर आले आणि लाठ्या खाऊन तुरुंगात गेले. ज्या गावात काही घडत नाही असे शहरवाल्यांना वाटते, त्या गावात देश चालून आला. पुढच्या खांडेकरांच्या कादंबऱ्यांत ध्येयवादी तरुण, खेड्यातले दारिद्र्य, सेवा आणि संसार यांतली ओढाताण पुन्हा पुन्हा दिसते, ती पुस्तके वाचून आलेली नाही. खिडकीबाहेर पाहून आलेली आहे.

पहिल्या कादंबरीनंतर मात्र खांडेकरांना मागे वळून पाहावे लागले नाही. १९३१ मध्ये 'कांचनमृग', १९३४ मध्ये 'उल्का' आणि 'दोन ध्रुव', १९३८ मध्ये 'हिरवा चाफा' आणि 'दोन मने'. यांतली 'उल्का' ही एका ध्येयवेड्या शिक्षकाच्या मुलीची कहाणी. त्या वेळच्या तरुण पिढीने ती अक्षरशः उशाशी घेऊन वाचली. १९३२ साली त्यांनी गडकऱ्यांवर ग्रंथ लिहून आपल्या पहिल्या गुरूचे ऋणही फेडले. हे सारे लिहिणे शाळेची घंटा सांभाळून चालले होते.

१९३६ साली त्यांच्या कथेवर मास्टर विनायकांनी 'छाया' हा बोलपट काढला आणि खेड्यातल्या मास्तरांचे नाव पडद्यावर झळकले. कोल्हापूरच्या चित्रसृष्टीने त्यांना बोलावले. अखेर १९३८ साली शिरोडे सोडून ते कोल्हापूरला आले आणि पुढे तेच त्यांचे गाव झाले. १९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. वय अवघे त्रेचाळीस.

इथे गोष्ट संपवली असती तर ती गोड झाली असती. पण लेखकाचा रस्ता पहिल्या पुस्तकाशी संपत नाही, हे माझ्या विद्यार्थ्याला कळणे जरूर होते. १९४२ साली 'क्रौंचवध' आली आणि त्यानंतर तब्बल बारा वर्षे खांडेकरांची नवी कादंबरी आली नाही. कथा आणि रूपककथा ते लिहीत होते, पण कादंबरी थांबली. महायुद्ध, फाळणी, गांधीजींची हत्या, स्वातंत्र्यानंतर पैशाला आलेले महत्त्व, या साऱ्यांनी ध्येयवादावर वाढलेल्या या लेखकाच्या पायाखालची जमीन हलली होती. ज्या मूल्यांवर आपण पात्रे उभी केली, ती मूल्येच समाजाने मोडीत काढली तर लिहायचे काय? नाव होते, प्रकाशक दाराशी येत होते, वाचक वाट पाहत होते. तरी त्यांनी घाईने काही उरकले नाही. छापणारा मिळत नाही म्हणून थांबणे वेगळे आणि छापणारा असूनही आतून आल्याशिवाय न लिहिणे वेगळे. दुसरे अधिक अवघड आहे.

१९५४ साली 'अश्रू' आली. तिच्या केंद्रस्थानी पुन्हा एक साधा, गरीब शिक्षक. आणि १९५९ साली 'ययाति'. महाभारतातली जुनी कथा, पण ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांनी आपापल्या तोंडाने सांगितलेली. भोगाने भोग शमत नाही, हे सांगण्यासाठी त्यांनी पुराणातला राजा घेतला आणि त्यात स्वातंत्र्योत्तर काळातला आपला समाज दाखवला. १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार या कादंबरीला मिळाला. १९६८ साली पद्मभूषण आणि १९७४ साली ज्ञानपीठ. तोपर्यंत वयाची पंच्याहत्तरी उलटली होती आणि दृष्टी गेली होती. डोळे गेल्यावरही मजकूर सांगून लिहवून घेण्याचे काम चालूच होते. २ सप्टेंबर १९७६ रोजी ते गेले. 'सोनेरी स्वप्ने भंगलेली' ही अपुरी कादंबरी आणि 'एका पानाची कहाणी' हे आत्मचरित्र त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले.

खांडेकरांवर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती सगळीच चुकीची होती असे नाही. त्यांची माणसे सुभाषितांत बोलतात, लेखक पात्रांच्या तोंडून उपदेश करतो, अलंकारांचा सोस सुटत नाही, असे जाणकार म्हणत आले. मलाही पूर्वीच्या काही कादंबऱ्या आज वाचताना अडखळायला होते. पण वाचकाशी त्यांचे जे नाते जुळले, ते या दोषांसकट जुळले. गुजरातीत गोपाळराव विद्वांस आणि तमिळमध्ये का. श्री. श्री. यांनी त्यांच्या कादंबऱ्या नेल्या, तेव्हा तिथल्या वाचकांना हा लेखक आपलाच वाटला.

आणि कन्नडमध्ये? सीमाभागातल्या वाचकाने याची आवर्जून नोंद घ्यावी. खांडेकरांची 'ययाति' कन्नड वाचकांनीही वाचली. त्या कादंबरीनंतर दोनच वर्षांनी, १९६१ साली, गिरीश कार्नाडांचे त्याच राजावरचे कन्नड नाटक प्रसिद्ध झाले. एकच पुराणकथा, जवळजवळ एकाच वेळी, दोन भाषांतल्या दोन लेखकांना खुणावत होती. आपला हक्क मागताना आवाज चढतो, तो चढणे साहजिक आहे. पण शेजारची भाषा ही वैऱ्याची भाषा नव्हे, एवढे भान या दोन पुस्तकांकडे पाहून राहते. मराठीसाठी झगडणाऱ्याने ते सोडू नये, असे समितीचा एक जुना कार्यकर्ता म्हणून मला वाटते.

आता थोडे आपल्याविषयी. १९४६ साली आपल्या बेळगावात साहित्य संमेलन भरले, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्या व्यासपीठावरून झाली. एका कादंबरीकाराच्या अध्यक्षतेखाली आपल्या लढ्याला तोंड फुटले, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यानंतर किती निवेदने दिली, किती मोर्चे काढले, किती फलकांसाठी भांडलो, याचा हिशेब समितीच्या दप्तरात सापडेल. ते सर्व करायलाच हवे होते. २००४ पासून सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे आणि २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. पण आमच्या भागातल्या किती नव्या लेखकांचे हस्तलिखित आम्ही वाचले? गावच्या वाचनालयात गेल्या वर्षी किती मराठी पुस्तके विकत घेतली? बैठकीत हा विषय मी मांडला तेव्हा क्षणभर सारे गप्प झाले. मीही त्यात होतो. वीस वर्षे समितीवर असून हा हिशेब मी स्वतः कधी ठेवला नव्हता.

भाषेचा दर्जा दिल्लीत ठरतो, हद्द न्यायालयात ठरेल. पण भाषेत पुढचे पुस्तक कोण लिहील, हे मात्र गावातल्या शाळेत, साप्ताहिकाच्या पानावर आणि वाचनालयाच्या बाकावर ठरते. शिरोड्याला शाळा नसती आणि सावंतवाडीला 'वैनतेय' नसते, तर खांडेकर लेखक झाले असतेच, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

माझ्या विद्यार्थ्याची कादंबरी मी पंधरा दिवसांत वाचून काढली. मधली शंभर पाने लांबली आहेत, तसे त्याला स्पष्ट सांगितले. पण बाजाराच्या दिवशी दोन भाषांत भांडणाऱ्या आणि तिसऱ्या भाषेत समेट करणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचे जे प्रकरण त्याने लिहिले आहे, ते पुण्या-मुंबईच्या कोणाला लिहिता आले नसते. ते प्रकरण वेगळे काढून स्वतंत्र कथा म्हणून या दैनिकाच्या रविवार पुरवणीकडे पाठव, असे मी त्याला सुचवले. आधी आपल्या माणसांनी वाचू दे, चुका दाखवू दे. दर महिन्याला एक लिही. ग्रंथाचे पुढे बघू.

पिशवी उचलताना त्याने विचारले, खांडेकरांना अकरा वर्षे लागली, मला किती लागतील? मी म्हटले, ते मला सांगता येणार नाही, पण तू पाठवशील त्याचा पहिला वाचक मी असेन. या अंकाच्या वाचकांपैकी आणखी दहा जणांनी तेवढेच आश्वासन आपापल्या गावातल्या एकेका लिहित्या मुलाला किंवा मुलीला दिले, तर भाषा विशेषांक काढल्याचे सार्थक होईल.